गावातला धंदा कोणाच्या नावावर, आणि सरकारचा त्याच्याशी संबंध काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाळमिल, जिनिंग, तेलघाणी, संत्र्याचं पॅकिंग, दूध संकलन, बांबूकाम असे धंदे विदर्भातल्या खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत सुरू करणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. "साहेब, कोणत्या नावानं काढू?" इथून सुरुवात होते आणि थोड्या वेळात गाडी कापसाच्या भावावर, आयात शुल्कावर, बाजार समितीवर येते. ते बरोबरच आहे. आपल्या भागात मालकीचा कागद आणि सरकारचं धोरण एकमेकांपासून वेगळं काढताच येत नाही.

मी एकटाच डाळमिल टाकतोय. मला फर्म काढावी लागेल का?

नाही. एकट्याचा धंदा म्हणजे एकल मालकी. तिची वेगळी स्थापना करावी लागत नाही. तुमचा पॅन हाच धंद्याचा पॅन. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. खाण्याचा माल असल्यामुळे अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी लागते, ग्रामपंचायतीची ना हरकत लागते. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री असेल, तर साधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. सेवा असेल तर ही मर्यादा २० लाखांची आहे.

अडचण दुसरीकडे आहे. कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचा धंदा एकच. मिलचं देणं राहिलं तर ते तुमचं घर, ट्रॅक्टर आणि बचत खात्यातल्या पैशापर्यंत पोहोचतं. थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणारा सरफेसी कायदा आहे, त्याने शेतजमिनीचा थेट ताबा घेता येत नाही, पण दिवाणी दाव्याचा रस्ता मोकळाच असतो. शिवाय तुम्ही जमीन गहाण लिहून दिली असेल, तर सातबाऱ्यावर तो बोजा चढलेलाच असतो. म्हणून कोणताही प्रकार निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे बुडालं तर कोणाचं वावर जाईल? उत्तर फक्त "माझं" असेल आणि रक्कम झेपणारी असेल, तर एकल मालकी पुरते. गावातले बहुतेक छोटे धंदे असेच चालतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

आम्ही तिघं भाऊ मिळून करतोय. तोंडी ठरलंय, चालेल का?

धंदा चालू असेपर्यंत चालेल. अडेल तेव्हा फार महाग पडेल.

भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. त्यात नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे लोक ती करत नाहीत. पण त्याच कायद्याचं कलम ६९ सांगतं की नोंदणी नसलेल्या फर्मला करारातला हक्क बजावण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. अकोल्याच्या व्यापाऱ्याने तुमची तूरडाळ नेली, पैसे दिले नाहीत, तर नोंदणीशिवाय कोर्टाची पायरी चढून उपयोग नाही. नोंदणीचा खर्च किरकोळ आहे. ही एक गोष्ट पुढे ढकलू नका.

दुसरं, भागीदारीत प्रत्येकजण सगळ्या देण्याला जबाबदार असतो. धाकट्याने फर्मच्या नावाने सरकी उधार घेतली तर घेणेकरी मोठ्याकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. "माझा हिस्सा तेवीस टक्के" हे उत्तर तिथे चालत नाही, ते तुमच्या तुमच्यात.

तिसरं, आणि यावर आपल्याकडे बोलायला कोणाला आवडत नाही : एखादा भागीदार वारला तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास फर्म विसर्जित होते. चालू हंगामात बँक खातं अडकतं, वारस आणि उरलेले भागीदार समोरासमोर येतात, घर फुटतं. भागीदारीपत्रात चार ओळी घाला : मृत्यू झाल्यास फर्म पुढे चालेल का, वारसाला हिस्सा कसा मोजून द्यायचा, किती मुदतीत, आणि सह्यांचा अधिकार कोणाला. भावाभावांत लिखापढी कशाला, असं वडीलधारे म्हणतात. प्रेम टिकावं असं वाटत असेल तर ही लिखापढी कराच.

एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड केली की घरदार सुरक्षित, हे खरं का?

अर्धं खरं. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. ती २००८ च्या कायद्याने आली. तिला किमान दोन भागीदार लागतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, आणि सभासद २०० पर्यंत घेता येतात. दोन्ही प्रकारांत धंदा ही कायद्याने वेगळी व्यक्ती होते. कंपनीचं देणं कंपनीचं. किमान भांडवलाची अट २०१५ पासून उरलेली नाही.

पण बँकेत कर्जाला गेलात की शाखाधिकारी संचालकांची वैयक्तिक हमी मागतात. त्या हमीवर सही केली की त्या कर्जापुरती तुमची मर्यादित जबाबदारी संपली. ती ढाल उरते ती माल पुरवणारे, वाहतूकदार, नुकसानभरपाई मागणारे यांच्यापुरती. म्हणून हमीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. बायकोची, आईची सही "फॉर्मॅलिटी" म्हणून मागितली जाते, ती फॉर्मॅलिटी नसते.

खर्चाचाही विचार करा. कंपनीला उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रं लागतात. एलएलपीला लेखापरीक्षण उलाढाल ४० लाखांच्या किंवा भागीदारांचं योगदान २५ लाखांच्या पुढे गेल्यावरच लागतं, पण विवरणपत्रं दरवर्षी भरावीच लागतात. शहरातल्या मित्राचं ऐकून कंपनी काढायची, वर्षभरात विसरून जायचं आणि दंडाची नोटीस आल्यावर धावपळ करायची, हे तरुण पोरांच्या बाबतीत फार होतं. बाहेरचा पैसा किंवा मोठ्या खरेदीदाराचा करार येणार असेल तर कंपनी करा. नुसत्या पाटीसाठी करू नका.

एकट्यालाच कंपनी काढता येते म्हणे?

येते. तिला एकल व्यक्ती कंपनी म्हणतात. एक सभासद आणि त्याच्या पश्चात एक नामनिर्देशित व्यक्ती. नियमपालनाचा खर्च मात्र कंपनीसारखाच.

पत्नीच्या नावाने काढलं तर अनुदान जास्त मिळतं. तसं करू का?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे, हे खरं. पण कर्ज तिच्या नावावर चढतं. थकलं तर सिबिल तिचं बिघडतं, नोटीस तिला येते. तिला हिशेब माहीत नाही, खात्याचं चेकबुक तुमच्या खिशात, आणि कर्जदार मात्र ती, ही तिच्यावरची जबरदस्ती आहे. ती खरोखर धंदा बघणार असेल तर जरूर तिच्या नावाने काढा. आमच्या अनुभवात अशा बायांनी चालवलेल्या मसाला आणि डाळीच्या युनिटांची उधारी कमी आणि वह्या नीट असतात.

सहकारी संस्था काढावी की शेतकरी उत्पादक कंपनी?

विदर्भाने सहकाराचे दोन्ही चेहरे पाहिले आहेत, म्हणून याला जरा सविस्तर उत्तर देतो.

सहकारी संस्था १९६० च्या महाराष्ट्र कायद्याखाली नोंदते. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. एक सभासद, एक मत. तत्त्व सुंदर आहे. पण सहकार खात्याच्या निबंधकाला चौकशीचे, लेखापरीक्षणाचे, संचालक मंडळ दूर करून प्रशासक बसवण्याचे अधिकार आहेत. त्यात सरकारचा पैसा आला की पकड आणखी घट्ट होते. आपल्या सूतगिरण्या आठवा. सभासदांचे ५ टक्के, शासनाचे ४५ टक्के आणि कर्ज ५० टक्के, या सूत्रावर त्या उभ्या राहिल्या. ज्याचे ५ टक्के त्याला आपलेपणा कितीसा वाटणार? निर्णय गिरणीच्या हिशेबापेक्षा मुंबईच्या वाऱ्यावर जास्त झाले, आणि कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या कितीतरी सूतगिरण्या बंद पडल्या. हा सहकाराच्या तत्त्वाचा दोष नाही, मालकी आणि पैसा यांच्या उलट्या प्रमाणाचा आहे.

उत्पादक कंपनीची तरतूद २००२ मध्ये कंपनी कायद्यात आली. किमान दहा उत्पादक सभासद, पाच ते पंधरा संचालक. सभासद व्यक्ती असतील तर मत प्रत्येकाला एकच, शेअर कितीही असोत. बाहेरचा भांडवलदार शेअर विकत घेऊन मालक होऊ शकत नाही, कारण सभासद उत्पादकच असावा लागतो. नफ्याचा मोठा भाग ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात परत देता येतो. निबंधकाच्या जागी कंपनी निबंधक येतो. तो रोजच्या कारभारात शिरत नाही, पण कागदाला कडक असतो.

मग उत्पादक कंपनीच बरी? बऱ्याचदा हो, पण एका अटीवर. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली. तीन वर्षांत प्रत्येकी १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च, आणि सभासदांच्या भांडवलाइतकंच, १५ लाखांच्या मर्यादेत, समभाग अनुदान. योजना चांगली आहे. तिच्यामुळे कंपन्या निघाल्या, पण योजनेसाठीच निघालेल्या कंपन्याही कमी नाहीत. तीन वर्षं संपली, सीईओचा पगार थांबला आणि कार्यालयाला कुलूप लागलं, असं होतं. पहिल्या हंगामात आपण कोणता माल, किती क्विंटल, कोणाला विकणार हे कंपनी नोंदण्याआधी ठरलेलं असू द्या. सोयाबीनचं बियाणं, तुरीची थेट विक्री, हरभऱ्याची ग्रेडिंग, काहीही. पण ठरलेलं.

महिला बचत गट हा धंद्याचा प्रकार आहे का?

गट ही बचत आणि कर्जाची रचना आहे. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) गटाचं बँक खातं असतं, गटाच्या नावाने पापड-लोणचंही विकता येतं, आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या प्रति सदस्य ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद झाली. पण मोठा करार करायचा, यंत्र घ्यायचं, उधारी द्यायची वेळ आली की मालकी धूसर होते. यंत्र कोणाचं? गट सोडून जाणारीचा हिस्सा किती? तिथपर्यंत आलात की उत्पादक गट, संघ किंवा उत्पादक कंपनीकडे वळा.

जंगलातला बांबू, तेंदू, मोह यांचा मालक कोण? गावाला धंदा करता येतो का?

येतो, आणि या बाबतीत आपल्या गडचिरोलीने देशाला वाट दाखवली आहे.

तेंदूपानांचा व्यापार महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने सरकारच्या हाती गेला. वर्षानुवर्षं वनविभाग लिलाव करायचा, ठेकेदार घ्यायचा, आणि पानं तोडणाऱ्याला मजुरी मिळायची. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनात राहणाऱ्यांना दिली, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आणि तेंदू दोन्ही घातले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्काचं पत्र २००९ मध्ये मिळालं. तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक पास वनविभागाच्याच हातात. ते भांडण गावाने नेटाने लढवलं, आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा त्यानंतर हिशेबाच्या वहीतही उतरली.

म्हणजे इथे ग्रामसभा हीच मालक. ती लिलाव करते, दर ठरवते. मात्र ग्रामसभांनी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : ठेकेदाराकडून आगाऊ रक्कम किंवा बँक हमी घेणं, आणि करार मराठीत, सगळ्यांसमोर वाचून करणं. तेंदूचा हंगाम आठवड्यांत संपतो. पैसे राहिले की ठेकेदार दुसऱ्या राज्यात.

सरकारच्या निर्णयाने माझ्या धंद्याला एवढा फरक कसा पडतो?

कापूस घ्या. जिनिंगवाल्याला रुई किती दराने विकली जाईल हे फक्त यवतमाळच्या बाजारावर ठरत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर शुल्क बसलं, सगळं मिळून ११ टक्के. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी काढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळी. त्याच हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये क्विंटल होता. बाजारभाव त्याखाली राहिला की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर रांगा लागतात. सीसीआय खरेदी केलेला कापूस खाजगी जिनिंगमधून निविदेने सरकी वेगळी काढून गाठी बांधून घेते, म्हणजे काही जिनिंगवाल्यांचा त्या वर्षीचा धंदा सरकारी कामावरच चालतो.

सोयाबीनचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ च्या अखेरीस १० टक्के केलं. तुमच्या गावच्या तेलघाणीने काहीच बदललं नाही, तरी हिशेब बदलला.

बियाण्याचं पाहा. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार २०१५ च्या आदेशाखाली दरवर्षी ठरवतं. बियाणं विकणाऱ्या कृषी केंद्राचा नफा तिथेच बांधला जातो.

हे आजकाल वाढलंय का? पूर्वी सरकार धंद्यात एवढं नव्हतं ना?

पूर्वी जास्त होतं. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस फक्त सरकारी यंत्रणेला, पणन महासंघामार्फत विकायचा. खाजगी व्यापाऱ्याला बंदी. ज्येष्ठ मंडळींना ग्रेडरशी झालेली भांडणं आणि महिनोन्‌महिने अडकलेले चुकारे आठवत असतील. हमी मिळाली, पण तोटा राज्याच्या तिजोरीवर चढत गेला आणि २००२ नंतर खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली.

त्याही मागे जा. वऱ्हाडात कारंजाचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांची सुरुवात इथून धरतात. इंग्रज सरकारला हे का सुचलं? मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस बऱ्या दरात हवा होता. बडनेरा-अमरावती, जलंब-खामगाव या रेल्वेच्या फांद्या कापसापोटीच टाकल्या गेल्या. आपली शकुंतला रेल्वे तर अजब उदाहरण : रूळ एका खाजगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणारी सरकारी रेल्वे, आणि हा कारभार स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं तसाच राहिला.

म्हणजे धंदेवालेही सरकारवर दबाव आणतात?

आणतात, आणि त्यातला पुष्कळसा भाग कायदेशीर आहे. कापसाचं आयात शुल्क काढा अशी मागणी कापड गिरण्यांच्या संघटना उघडपणे करतात, कारण त्यांना रुई स्वस्त हवी. शेतकरी संघटना विरोध करतात. दोघांनाही बोलायचा हक्क आहे. फरक इतकाच की गिरण्यांच्या संघटनेचं दिल्लीत कार्यालय असतं, आकडेवारी तयार असते, आणि निवेदन योग्य टेबलावर वेळेत पोहोचतं. कास्तकाराचं निवेदन तहसीलदाराच्या आवक-जावक रजिस्टरात राहतं. विदर्भाचं मोठं नुकसान या दरीत आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पैशाचा दबावही असतो. कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ मध्ये काढली, आणि २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले, ज्यात देणाऱ्याचं नाव लोकांपुढे येत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रोखे आणि ही मर्यादा उठवणारी दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवले. देणगी देऊ नये असं न्यायालय म्हणालं नाही. कोण कोणाला देतं हे मतदाराला कळलं पाहिजे, हा त्यातला गाभा.

बाजार समितीतही हेच लहान प्रमाणात दिसतं. संचालक मंडळात व्यापारी-अडत्यांचे दोन आणि हमाल-मापाऱ्यांचा एक प्रतिनिधी असतो, बाकी सेवा सोसायट्या आणि ग्रामपंचायतींकडून येतात. कागदावर शेतकऱ्यांचं बहुमत. ते बहुमत कोण वापरतं, हे सोसायटीच्या निवडणुकीला तुम्ही जाता की नाही यावर ठरतं.

आम्हा लहान लोकांना कोण विचारतं?

काही ठिकाणी विचारणं बंधनकारक आहे, आणि तिथे आपण जात नाही. विजेचे दर ठरवताना वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, विदर्भात नागपूर-अमरावतीलाही. डाळमिलवाला आपली बिलं घेऊन लेखी हरकत देऊ शकतो, उभा राहून बोलू शकतो. केंद्राच्या नवीन कायद्याचा मसुदा साधारण ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं २०१४ चं धोरण आहे. परवाना अडवून ठेवला असेल तर राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ज्या सेवा त्याखाली अधिसूचित आहेत त्यांना मुदत आहे, आणि मुदत संपली की अपील.

एकट्याने जाण्यापेक्षा तालुक्यातल्या दहा-पंधरा मिलवाल्यांनी एक संघटना नोंदवून जा. एकल मालकांना मालकी एकत्र करायची गरज नाही, आवाज एकत्र करता येतो.

मोठ्या खरेदीदाराने माल नेला आणि पैसे थकवले. काय करू?

तुम्ही उत्पादन किंवा सेवा करणारे सूक्ष्म-लघु उद्योजक असाल आणि व्यवहाराआधी उद्यम नोंदणी केलेली असेल, तर सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. नुसता व्यापार करणाऱ्याला, म्हणजे माल घेऊन तसाच विकणाऱ्याला, या तरतुदीचा फायदा नाही. सरकारी कार्यालयाने पैसे थकवले तरीही हाच मार्ग.

सरकार स्वतःच मालक असतं, तो कोणता प्रकार?

सरकारी कंपनी. सीसीआय ही १९७० ची, नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी. अकोल्याचं महाबीज वेगळं आहे : त्यात राज्य सरकार, राष्ट्रीय बीज निगम, कृषी विद्यापीठं आणि बीजोत्पादक शेतकरी असे सगळे भागधारक आहेत. तुमच्या वडिलांच्या पेटीत त्याचे शेअर असतील तर ते फेकू नका, वारस नोंद करून घ्या.

आता एका प्रकाराने सुरू केलं आणि नंतर बदललं तर?

बदलता येतं. एकल मालकीतून भागीदारी, भागीदारीतून एलएलपी किंवा कंपनी, हे नेहमी होतं. पॅन बदलला की जीएसटी क्रमांक, उद्यम, अन्न परवाना, वीज जोडणी, बँक मर्यादा सगळं नव्याने करावं लागतं. म्हणून हंगामाच्या तोंडावर बदलू नका. कापसाचा धंदा असेल तर पावसाळ्याआधी, संत्र्याचा असेल तर आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत. आणि अनुदान घेतलेलं असेल तर ठरलेली मुदत संपण्याआधी मालकी बदलताना आधी बँकेचं आणि त्या कार्यालयाचं लेखी मत घ्या, नाहीतर अनुदान परत मागितलं जाऊ शकतं.